कोऱ्या पाण्यातलं शिसं

बसमध्ये ती मुलगी उठून उभी राहिली आणि "बसा आजोबा" म्हणाली, तेव्हा त्याने आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं, बसचं बंद दार होतं. मग तो बसला, कारण न बसता "मी त्रेपन्न वर्षांचा आहे" असं सांगत राहणं जास्त वाईट दिसलं असतं. बसल्यावर त्याने मुलीकडे जे पाहून घ्यायचं ते पाहून घेतलं: नखांवर लाल रंग, तोही अर्धा खरवडलेला, बोटात पितळेची अंगठी, बॅगेच्या बंदावर निकेलची कडी. चालतीबोलती भेसळ. हिचा हात माझ्या चंचुपात्राच्या वीतभर जवळून गेला तरी सगळा दिवस फुकट जाईल, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला जरा बरं वाटलं. माणसांकडे पाहायची त्याची हीच रीत होती आणि ती तीस वर्षांच्या नोकरीने त्याला लावली होती. पाण्यात अब्जात एक भाग शिसं असलं तरी शोधून काढायचं हे ज्याचं काम, त्याला माणसं माणसांसारखी दिसत नाहीत, गळत्या नळांसारखी दिसतात. ही बाई जस्त गळते. हा गृहस्थ तांबं. प्रयोगशाळेचे प्रमुख दिवसाला दहा सिगारेटी ओढत, तेव्हा ते दारात उभे राहिले की कॅडमियम आत आलं असं तो धरून चाले, आणि त्यांच्याशी बोलताना पात्रावर झाकण ठेवी. प्रमुखांना वाटे, हा आपला मान ठेवून काम थांबवतो.

त्याच्या यंत्राला तो अजूनही मानत होता, आणि मानण्यासारखी दुसरी गोष्ट त्याच्या आयुष्यात उरली नव्हती. काचेच्या केसासारख्या बारीक नळीच्या टोकाला पाऱ्याचा एक थेंब लोंबतो, मोहरीपेक्षा लहान. तो नमुन्याच्या पाण्यात असतो. आधी पाण्यातून नायट्रोजनचे बुडबुडे सोडून हवा हाकलायची. मग थेंबाला विजेचा ठरावीक दाब देऊन काही मिनिटं गप्प बसायचं. तेवढ्यात पाण्यातले धातू एकेक करून येऊन पाऱ्यात शिरतात. मग दाब हळूहळू सोडत न्यायचा. प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या जागी पारा सोडतो, आधी जस्त, मग कॅडमियम, मग शिसं, शेवटी तांबं, आणि सोडताना पडद्यावरच्या रेषेत एक उंचवटा उठवून जातो. उंचवटा जितका मोठा तितका धातू जास्त. खोटं बोलायला जागाच नाही. इंग्रजीतून आलेला 'पीक' हा शब्द सगळे त्या उंचवट्याला वापरत, आणि ज्यांनी कधी नांगर पाहिला नाही अशी ही माणसं रोज सकाळी एकमेकांना "काय, आज पीक कसं आलंय?" असं विचारून हसत. रोज. तीस वर्षं. हसणाऱ्यांची दुसरी पिढी आली तरी विनोद तोच. त्याच्या लेखी मोल होतं ते पीक न येण्याला. नमुना न घातलेल्या कोऱ्या पाण्याची, म्हणजे ब्लँकची रेषा सपाट आली पाहिजे, मेलेल्या माणसाच्या छातीसारखी सपाट, मगच पुढच्या नमुन्याला अर्थ. खालचे लोक त्याला पाठीमागे 'निर्जंतुक' म्हणत. त्याला हे माहीत होतं. नाव ठेवायची अक्कलही यांना बेताचीच, असं त्याला वाटे, कारण जंतूंशी त्याचा काही संबंध नव्हता.

बसच्या दुसऱ्या दिवशी तो घरापासून चार थांबे लांबच्या दुकानात गेला आणि केस हळूहळू काळे करणारी एक बाटली घेऊन आला. दुकानदार म्हणाला, "कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही साहेब, रोज थोडं थोडं." खोकं त्याने दुकानाबाहेरच्याच कचरापेटीत टाकलं. आम्लाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचणारा, एका पुरवठादाराला चुकीच्या दशांश चिन्हावरून परत पाठवणारा हा माणूस, त्या खोक्यावर काय छापलंय हे न वाचता ते असं फेकून मोकळा झाला, जणू हातात विष्ठा होती. त्या दिवसापासून रोज सकाळी, बायको स्वयंपाकघरात असताना, तो न्हाणीघराची कडी लावून बोटांनी ते पाणी केसांत चोळी, हात साबणाने धुई आणि कामावर जाई. आरशात पाहताना त्याला स्वतःची किळस येई. म्हणून तो आरशात फार पाहत नसे.

त्याआधी आठवडाभर त्याच्या हाताखाली एक नवी मुलगी आली होती. कंत्राटावर, तीन महिन्यांच्या. जाड चष्मा, बारीक आवाज, प्रश्न विचारायच्या आधी खाकरायची सवय. तिला त्याने पहिल्याच दिवशी आपला ठरलेला धडा दिला, जो प्रत्येक नव्या माणसाला मिळे. शुद्ध पाण्यात तिला बोट बुडवायला लावलं, ते पाणी यंत्राला लावलं, आणि पडद्यावर उठलेली टेकाडं दाखवून म्हणाला, "ही तू." मग स्वतःचं बोट बुडवलं. रेषा सपाट. "आणि हा मी." तो हातमोजे घालत नसे. हातमोज्यांत जस्त असतं, हे त्याचं म्हणणं खरंही होतं. हात कसे धुवायचे, पातळ आम्लात कसे बुडवायचे, पुन्हा शुद्ध पाण्याने किती वेळा, हे त्याचं एक कर्मकांडच होतं. आणि पात्र शेवटचं विसळायचं ते मात्र तो स्वतः विसळी. इतरांवर सोडलं तर ते भांडी घासल्यासारखं विसळतात, असं त्याचं ठाम मत. रोज सकाळी तो तिच्या टेबलाशी येई, तिने विसळून ठेवलेलं पात्र उचलून उजेडात धरी, केसांवरून एकदा हात फिरवी आणि पात्र पुन्हा विसळी.

दोन आठवड्यांत कोऱ्या पाण्याच्या रेषेत शिशाच्या जागी एक गाठ दिसायला लागली. आधी अब्जात एक भाग. मग तीन. मग सहा. त्याला आनंदच झाला म्हणायचा. शिकलेली माणसं हात धुवायला शिकत नाहीत, हे तो इतकी वर्षं सांगत आला होता, आणि आता त्याचं आलेखावर चित्रच निघालं होतं. "डोळ्यांत काजळ घालतेस का?" "नाही सर." "घरी कोणी बॅटऱ्या दुरुस्त करतं?" "नाही सर. आई शिवण करते." "मग शिवणाच्या टाचण्या तोंडात धरत असशील." ती खाकरली. हातमोज्यांच्या दोन जोड्या एकावर एक घालून काम करायला लागली, आणि रेषेतली गाठ तशीच राहिली. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की हिची घाण हातात नाही, हिच्या असण्यातच आहे. असं तो मनात म्हणे तेव्हा त्या वाक्यावर तो खूश असे.

मग बालवाडीचा नमुना आला. नव्या नळाच्या पाण्याची एक बाटली, वर्षातून एकदा येते तशी. त्या दिवशी कोऱ्या पाण्यात सहा होते आणि बालवाडीच्या पाण्यात एक्केचाळीस. चालतात दहा. मुलगी आलेख घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "सर, हा खरा आहे असं वाटतंय."

"वाटतंय? इथे वाटायचा पगार मिळतो का?"

"ब्लँक सहा आहे, सर. ते वजा केले तरी पस्तीस राहतात. मी तीनदा घेतलं. शिशाचं मोजलेलं पाणी घालूनही पाहिलं, बरोबर तेवढंच वाढलं."

"घाणीतून घाण वजा करता येत नाही," तो म्हणाला, आणि वाक्य इतकं चपखल बसलं की शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या. त्याने लाल पेनने नोंदीवर आडवी रेघ मारली: नमुना बाद, हाताळणीत दोष. पुन्हा नमुना मागवायचा तर प्रमुखांनी पत्र पाठवायला हवं होतं, आणि प्रमुख म्हणाले, "पुढच्या वर्षी येईलच की." त्याच आठवड्यात प्रमुखांनी मुलीच्या कंत्राटाचा कागद त्याच्यापुढे ठेवला. शेरा लिहायच्या रकान्यात त्याने तीनच शब्द लिहिले, 'मूलभूत स्वच्छतेचा अभाव'. शेवटच्या दिवशी ती त्याला सांगायला आली तेव्हा तो यंत्राशी होता आणि त्याने मान वळवली नाही. ती थोडा वेळ उभी राहिली असावी. एकदा खाकरल्याचं ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून यंत्रावर तो स्वतः बसला. बऱ्याच वर्षांनी. कोरं पाणी लावलं, पाच मिनिटं थांबला, रेषा निघाली आणि शिशाच्या जागी एकोणीस आले. सहा नव्हे, एकोणीस. जाता जाता सगळं माखून गेली, असं तो मोठ्याने म्हणाला. त्याने पात्र बदललं. आम्ल बदललं. पारा बदलला, नायट्रोजनची टाकी बदलली, पाण्याच्या यंत्राची गाळणी बदलली. पुरवठादाराला फोन करून त्याची लायकी काढली. सतरा, बावीस, एकोणीस. आठवडा असाच गेला. तपासायच्या गोष्टींची त्याने यादी केली होती आणि एकेकीवर काट मारत तो खाली येत होता. यादीच्या तळाशी त्याने, केवळ यादी पुरी असावी म्हणून, 'बोट' असं लिहिलं होतं. दुपारी जेवायला सगळे बाहेर गेले होते. त्याने हात नेहमीसारखे धुतले, शुद्ध पाण्यात तर्जनी बुडवली, दहापर्यंत मोजलं. रेषा शिशाच्या जागी आली आणि पडद्याच्या वर निघून गेली. तिला शिखरच नव्हतं, पडद्याच्या कडेशी कापल्यासारखी ती नाहीशी झाली आणि बऱ्याच पुढे पुन्हा खाली उतरली. यंत्र बिघडलं, त्याच्या मनात आलं. मग त्याने डावं बोट बुडवलं. तेच. तेव्हा त्याचा उजवा हात, विचार करताना जायचा तसा, आपल्या आपण केसांवर गेला होता. तो तिथेच राहिला. हात खाली घ्यावा की तसाच ठेवावा हे त्याला कळेना, कारण कुठेही ठेवला तरी तो हात त्याचाच होता.

खात्री करायला आता काही उरलं नव्हतं, तरी त्याने केली. दुसऱ्या दिवशी बाटली खिशात घालून आणली. त्यातला एक थेंब लिटरभर पाण्यात टाकला, त्यातला एक थेंब पुन्हा लिटरभर पाण्यात, आणि तरी शिशाच्या जागी गाठ दिसलीच. म्हणजे तीन महिने रोज सकाळी त्याने दहाही बोटं शिशाच्या पाण्यात बुडवली होती आणि त्या बोटांनी तिने स्वच्छ विसळलेलं पात्र पुन्हा विसळलं होतं. तिच्या वेळी सहा येत, कारण तो पात्राला फक्त शेवटचा हात लावी. तो स्वतः बसल्यावर एकोणीस. सगळा हिशेब सोपा होता, पोराला कळेल असा. त्याला आयुष्यभर ज्यांचा तिटकारा वाटला त्या सगळ्या माणसांची तोंडं त्याने आठवून पाहिली, की यांच्यातल्या एखाद्याने तरी असा मूर्खपणा केला आहे का. एकही सापडला नाही. प्रमुखसुद्धा यात बसत नव्हते. तिटकाऱ्याची एवढी मोठी सामग्री हाताशी असून ती आपल्याला पुरी पडत नाही, हे त्याला नवीन होतं.

घरी जाताना तो न्हाव्याकडे गेला आणि केस होतील तेवढे बारीक करून घेतले. कापलेले केस त्याने प्लास्टिकच्या पिशवीत भरून मागितले, तेव्हा न्हाव्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तो इतरांकडे पाहत आला होता. घरी बायकोने दार उघडलं, त्याच्या डोक्यावर उरलेल्या पांढऱ्या खुंटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं. उशीचे अभ्रे तीन महिने वेगळे धुतेय मी. डाग जात नाहीत मेले."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्ही म्हणाला असतात, नाही म्हणून. मग मला म्हणावं लागलं असतं, हो म्हणून. अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला?"

"हाताने धुतेस?"

"मग काय पायाने?"

त्याने तिचे हात हातात घेतले. सव्वीस वर्षांत त्याने ते असे निरखून पाहिले नव्हते. साबणाने पांढरट झालेली बोटं, एका नखाच्या कडेला भेग. भेगेतून किती आत गेलं असेल याचा आकडा त्याचं डोकं काढायला लागलं आणि त्याने ते थांबवलं. "अभ्रे टाकून दे," तो म्हणाला. "आणि रक्त तपासून घ्यायचं, उद्याच. दोघांचं." ती हसायला लागली होती, पण त्याचा चेहरा पाहून थांबली.

प्रमुखांना सगळं सांगायला त्याला दहा मिनिटं लागली. तीन महिन्यांचे एक्केचाळीस अहवाल मागे घ्यावे लागतील, मुलीच्या कागदावरचा शेरा खोडावा लागेल, आणि बालवाडीला आजच्या आज कळवावं लागेल. प्रमुखांनी शांतपणे सिगारेट विझवली. "आणि वर काय लिहू? तुमच्या केसांमुळे?"

"हो."

"अहो, इथे निम्मी माणसं केस काळे करतात. मीही करतो." ते पुढे झुकले आणि आवाज खाली आणला. "पोरगी गेली. तुम्ही केस कापले, ब्लँक आता खाली येईल. कागदावर सगळं कसं छान जुळतंय. जुळलेलं उसवू नका. आणि बालवाडीचा नमुना बादच आहे, तुमच्याच सहीने. बाद नमुन्यावरून पत्र पाठवता येत नाही, हा नियम मला कोणी शिकवला?" त्यानेच शिकवला होता. त्याने हे सगळं लिहून दिलेला कागद प्रमुखांनी खणात ठेवला आणि खण असा अलगद बंद केला की आवाजही झाला नाही. एरवी या माणसाबद्दल त्याच्या मनात किती वाक्यं तयार असत. आज त्यातलं एकही तोंडाशी येईना, कारण प्रत्येक वाक्य निघायच्या आधी त्याच्याच अंगावर येऊन बसत होतं.

मुलीच्या अर्जावर पत्ता होता. तिथे शिवणयंत्रापाशी बसलेल्या तिच्या आईने त्याला रंगाच्या दुकानाची खूण सांगितली, तो कोण हे न विचारता. दुकानात ती डबे हलवणाऱ्या यंत्राशेजारी उभी होती. कोणा गिऱ्हाइकाने आणलेला भिंतीचा पोपडा तिने चष्म्याजवळ धरला होता आणि त्याच्याशी जुळेल असा पिवळा थेंब-थेंब करून पांढऱ्यात टाकत होती. हात एकदम स्थिर. असा हात त्याच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या कोणाचा नव्हता हे त्याने आत्ता, रंगाच्या दुकानात उभं राहून पाहिलं. तिने आधी त्याला ओळखलं नाही. मग त्याच्या डोक्याकडे पाहून खाकरली.

"म्हणजे कळलं तुम्हाला," ती म्हणाली.

त्याने पुष्कळ वाक्यं जुळवून आणली होती. "तुला माहीत होतं?"

"बेसिनजवळ तुमचा नॅपकिन असायचा ना, सर. एक दिवस तुम्ही लवकर गेलात, तेव्हा त्याचा एक कोपरा पाण्यात बुडवून पाहिला. रेषा वरून निघून गेली. आणि तुमचे केस रोज थोडे काळे होत होते, ते तर दिसतच होतं."

"मग सांगितलं का नाहीस? नोकरी गेली तुझी!"

तिने पिवळ्याचा आणखी एक थेंब टाकला, ढवळला, पोपड्याशी ताडून पाहिला. "दोनदा तोंड उघडलं होतं. पण सांगायचं म्हणजे केसांचं सांगावं लागलं असतं. त्या सगळ्यांसमोर. ते लोक तुमच्यावर टपलेलेच असतात, तुम्हाला माहीत नाही. आयुष्यभर हसले असते." तिने ढवळणी डब्याच्या काठावर निथळली. "मला कीव आली हो तुमची."

हे ती चिडून म्हणाली असती तर त्याला काहीतरी करता आलं असतं. ती अगदी साधेपणाने म्हणाली, पाऊस पडतोय असं सांगावं तशी. ज्या मुलीच्या असण्यातच घाण आहे असं तो मनात घोळवून खूश होत होता, तिने त्याला इतके दिवस असं सांभाळून नेलं होतं, आपल्या पोटाला चिमटा काढून, आणि त्याला पत्ताही नव्हता. त्याचे कान तापले. "शेरा खोडायला लावतो मी," तो म्हणाला. "परत ये."

"नाही सर. इथे रंग चुकला तर दुसरा डबा उघडतात. ओरडत नाहीत." मग तिने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. "त्या बालवाडीचं काय केलंत?"

"तो नमुना बाद आहे. पत्र निघत नाही."

"पस्तीस राहत होते, सर," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात कीव नव्हती. "मी दोन जोड्या हातमोजे घालून तीनदा मोजले होते. ब्लँक कशाने चढतो ते कळूनही, माझं चुकतंय असं रोज ऐकून मलाही शेवटी तसंच वाटायला लागलं, म्हणून गप्प बसले. त्याला आता महिना झाला."

सकाळी तो बालवाडीत गेला. तीस वर्षांत नमुने त्याच्याकडे चालत आले होते, तो कधी नळापर्यंत गेला नव्हता. आवारात एका भिंतीला चार नवे कोरे नळ, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि प्रत्येकाशी पाच-सहा पोरांची झोंबाझोंबी. एक मुलगी ओंजळीने पीत होती. एकाने तोंडच नळाला लावलं होतं. पाणी चमकत होतं, नितळ, कोऱ्या पाण्यासारखं. शाळेची देखरेख करणारी बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन समोर आली. "काय पाहिजे?"

"नळ बंद करा," तो म्हणाला. "मुख्य तोटी कुठे आहे? आत्ता बंद करा."

"तुम्ही कोण?"

त्याने कार्यालयाचं ओळखपत्र दाखवलं. तिने ते उलटंसुलटं पाहिलं. "पत्र आणलंय?"

"नाही."

"मग पाण्यात काय आहे? किती आहे?"

कोणी आकड्याशिवाय बोललं की त्या माणसाला तो खोलीबाहेर काढत असे. "मला सांगता येणार नाही," तो म्हणाला. "बाटल्या आणल्यात, आज मोजेन. तोवर एका पोराच्या तोंडात हे पाणी जाता कामा नये. बाई, ऐका माझं. हवं तर माझी तक्रार करा, हा कार्यालयाचा नंबर. पण आधी बंद करा."

तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. वेडा असावा, नाहीतर कामावरून काढलेला, असा विचार तिच्या तोंडावर उघड वाचता येत होता. त्याने तिला तो करू दिला. मग ओंजळवाल्या मुलीकडे बघून तिने काय ठरवलं कोण जाणे, ती भिंतीच्या कडेला वाकली आणि तोटी फिरवली. चारही नळ कण्हले आणि थांबले. पोरांनी एकच गिल्ला केला. बाईने त्यांना आत हाकललं, खोलीतून नोंदवही आणली, पेनचं टोपण दाताने काढलं. "बंद केल्याचं लिहावं लागतं मला. महिन्यापूर्वी तुमच्याच लोकांनी बाटली नेली होती, काही कळवलं नाही. आता कारण काय लिहू?"

त्याने खाली बसून पहिल्या बाटलीचं झाकण उघडलं. हातमोजे त्याने दारातच चढवले होते, दोन जोड्या.

"लिहा," तो म्हणाला, "पहिल्यांदा तपासलं तेव्हा तपासणाऱ्याचे हात घाण होते."

बाईने मान वर केली. तो थट्टा करत नाही याची खात्री झाल्यावर तिने ते वाक्य, सावकाश, एकेक अक्षर करत लिहून घेतलं आणि वही सहीसाठी त्याच्यापुढे धरली.